चिंचेनं घासलेल्या शिवराया

"पाव्हणं येणार म्हटलं, की आमच्याच बोटांची सालं निघत्यात," रत्नाबाई शाळेच्या नळावर हात धुताना पुटपुटल्या.

शेजारीच बाटल्या भरणाऱ्या मुनीरा आणि ओमला ते स्पष्ट ऐकू आलं. रत्नाबाई म्हणजे ओमची काकू, सरपंच जयसिंगतात्यांची बायको.

"काकू, पहाटेपासून काय घासतेस एवढं?"

"गप ऱ्हा. तुझ्या तात्याला इचार."

विचारायला वेळच मिळाला नाही. शाळेच्या हॉलमधून किंकाळी आली, तशी तिघंही तिकडे धावली.

देशाच्या संग्रहातली जुनी नाणी आणि नोटा पहिल्यांदाच खेडोपाडी निघाल्या होत्या, आणि पहिला मान मुठा गावाचा होता. त्या घेऊन आलेल्या जुईलीमॅडम उघड्या पेटीपुढे पांढऱ्याफटक उभ्या होत्या. काल काळपट दिसणाऱ्या शिवराया, म्हणजे शिवकाळातली तांब्याची नाणी, आज नव्या तांब्यासारख्या लखलखत होत्या!

"खरी नाणी नेऊन कुणीतरी खोटी ठेवलीत," त्या कशाबशा म्हणाल्या. "आता हा संग्रह कुठल्याच गावाला जाणार नाही. हॉलची किल्ली कोणाकडे होती?"

सगळ्या माना हाफीजभाईंकडे वळल्या. त्यांचं किराणा दुकान समोरच, म्हणून किल्ली त्यांच्याकडे.

"मी दार उघडलंच नाही," ते हळू म्हणाले.

अब्बांचा असा चेहरा मुनीरानं कधी पाहिला नव्हता. दुसरी किल्ली पंचायतीत असते, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक होतं. पण सगळे पंख्याकडे बघत होते.

"मॅडम, भिंग द्या ना जरा," मुनीरा पुढे झाली.

मॅडमनी भिंतीवर लावलेल्या जुन्या फोटोत शिवराईच्या कडेला टवका उडालेला होता. पेटीतल्या नाण्यालाही तिथंच, तसाच. आणि ‘श्री’च्या वळणात काहीतरी अडकलं होतं. चिंचेची शीर.

"नाणी खरीच आहेत," मुनीरा म्हणाली. "घासलीयत फक्त. दारात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कलशासारखी."

मॅडमनी एक शिवराई उचलून पाहिली. "तो काळा थर नाण्याला जपतो गं. एकदा गेला की गेला. कोणी केलं हे?"

ओमनं मुनीराला डोळा मारला आणि भोळं तोंड करून तो कोपऱ्यात उभ्या तात्यांकडे वळला.

"तात्या, नोटा तशाच चुरगळलेल्या राहिल्या की."

"इस्त्री तापत ठेवलीय घरी, आत्ता..." तात्यांनी जीभ चावली.

"इस्त्री?" मॅडमनी नोटांचा अल्बम पोटाशी धरला.

"कलेक्टरसाहेब येणार, म्हटलं जरा शोभा..."

"पेटीला कुलूप लावायचं मीही विसरले," मॅडम शेवटी म्हणाल्या. "पण या दोघांनी नोटा वाचवल्या. शाब्बास रे! या शिवराया अशाच मांडू, काय करू नये ते कळायला. आणि भिंग घेऊन माहिती हीच दोघं सांगतील. प्रदर्शन पुढच्या गावी जाईल."

टाळ्या वाजल्या. तात्यांनीही वाजवल्या. हाफीजभाई मात्र जागचे हलले नव्हते.

रत्नाबाईंनी पदराखालून आपली सोललेली बोटं बाहेर काढली.

"टाळ्या कसल्या वाजवताय? घासली मी, सांगितलं ह्यांनी, आन् चोर म्हणून बघितलं समद्यांनी हाफीजभाऊंकडं. दुसरी किल्ली कुटं असती, ते तुमास्नी ठावं न्हवतं व्हय?"