मठाचा वाफा आणि पिवळं पाणी

"गौरे, हात काढ! हा गड्डा माझा हाय!"

"तुझा कसा? दोरीच्या इकडं हाय की!"

"पण मुळं तिकडून आल्यात!"

बोरी गावातल्या मठाच्या अंगणात दोघी आतेमामेबहिणी चक्क तणावरून भांडत होत्या! भिंतीलगतचा फुलांचा वाफा पावसाळाभर कोणी पाहिलाच नव्हता. हराळी, केना, आघाडा आणि लव्हाळा कमरेएवढा माजला होता. वाफा राखणारे आज्जा, म्हणजे बसवंतराव, गुडघ्यांनी बेजार झाले होते. मग सुट्टीत तिन्ही नातवंडांनी वाफा हाती घेतला. वीरुपाक्षने मधोमध दोरी बांधली. एक बाजू त्याच्या धाकट्या बहिणीची, शिवम्माची. दुसरी परभणीहून आलेल्या गौराची.

आज्जांनी सांगितलं होतं, "जिच्या बाजूला पयलं फूल येईल, तिच्या हातचं सोमवारी पूजेला घेईन!"

आज्जांच्या पूजेचं फूल रोज शिवम्माच आणायची. तळहातावर घेतलेल्या इष्टलिंगावर फूल वाहिल्याशिवाय ते पाण्याचा थेंबही घेत नसत. ते काम ही पाहुणी घेणार? घरात आधीच सकाळपासून गौराचं कौतुक. गौरा किती छान उर्दू वाचते! गौराची वेणी किती लांब!

शिवम्माने दात-ओठ खाऊन भिंतीजवळचा तो लव्हाळ्याचा गड्डा दोन्ही हातांनी ओढला. फाडकन मुळं निघाली आणि ती मातीत सपशेल बसली.

"हे बघा! सगळ्यात मोठा गड्डा माझा!" ती ओरडली.

पण नशीब गौराचंच! तिच्या बाजूच्या तणाखाली शेवंतीची जुनी रोपं निघाली, तीही कळ्यांनी लगडलेली. शनिवारी सकाळी त्यातलं एक फूल उमललं. शिवम्माच्या बाजूला नुसती माती! तिला गौराचा इतका राग आला, इतका हेवा वाटला की कोणी नाही असं बघून ती वाकली आणि तिने ते फूल चांगलं नाक लावून हुंगलं. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

रविवारी गौराची किंकाळी ऐकू आली. "वीरूदादा! माझी शेवंती जळायली!"

भिंतीकडची रोपं माना टाकून उभी होती. पानांच्या कडा करपल्या होत्या. टोकाचं एक झाड आणि त्यावरचं ते फूल तेवढं शाबूत होतं.

वीरुपाक्षने शिवम्माकडे रोखून पाहिलं. "काय केलंस गं?"

"म्या काईच न्हाई केलं!"

"मग घे आज्जाची शपथ!"

शिवम्माने शपथ घेतली नाही. रोपं तिने मारली नव्हती, पण हात तरी कुठे स्वच्छ होते? आता हे कोडं आपणच सोडवायचं, असं तिने ठरवलं. नाहीतर आज्जा पुन्हा कधी आपल्या हातचं फूल घेणार नाहीत!

ती वाफ्यात गुडघ्यांवर बसली. भिंतीकडची माती ओली होती आणि वर पांढरा थर धरला होता. तिने चिमूटभर जिभेवर ठेवला. "थू! मीठ हाय हे!"

"मीठ? इथं?" गौराही खाली बसली. तिने भिंतीपाशी बोट दाखवलं. "हे बग भोक!"

शिवम्माने उपटलेल्या गड्ड्याच्या जागी एक जुनी मोरी उघडी पडली होती! भिंतीपलीकडे चन्नप्पाकाकांचं दुकान. मिठाची रिकामी पोती ते मागच्या दगडावर धुवायचे.

तिघं धावत दुकानात गेले, तर काका उखडलेच! "माझं पाणी मठात? येडे का काय! माझं पाणी रस्त्याच्या नालीत जातं. मागं तुंबायचं, पण आठ दिवसापासून कसं झरझर जायलंय. महादेवाची किरपा! पळा!"

"आठ दिवसापासून!" बाहेर येताच शिवम्मा म्हणाली. "तवाच तर म्या गड्डा उपटला!"

"पण काका कबूल कसे व्हणार?" गौराने विचारलं.

वीरुपाक्ष घरी पळाला आणि मूठभर हळद घेऊन आला. शिवम्मा पोती धुणाऱ्या काकांशी गोड गोड बोलत राहिली, तोवर त्याने दुकानाकडच्या बाजूने हळद मोरीत टाकली. भिंतीपलीकडून गौरा ओरडली, "आलं! पिवळं पाणी आलं!"

मुलांनी काकांना हाताला धरून वाफ्यापाशी आणलं. पिवळा ओघळ शेवंतीच्या मुळाशी मुरत होता. काकांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी रोज मठाच्या फुलांना मीठ पाजायलो!" त्यांनी लगेच मोरी दगडमातीने बुजवली, खारी माती काढली आणि स्वतः विहिरीवरून घागरी वाहिल्या.

सोमवारी आज्जा ओल्या धोतराने पूजेला बसले. "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांना दिसलं न्हाई ते तुमी हुडकलं. गौरे, आण ते फूल!"

गौराने फूल पुढे केलं. आज्जांनी हात पसरला.

"थांबा आज्जा!" शिवम्मा रडवेली होऊन ओरडली. "ते... ते म्या हुंगलंय. मुद्दाम. गौराचं वाहू नये म्हणून."

आज्जांनी पसरलेला हात मागे घेतला.

"मीठ हुडकणं सोपं व्हतं," आज्जा हळूच म्हणाले. "हे सांगणं लय अवघड! जावा, दोघी मिळून बेलाचं पान आणा. हुंगलेलं फूल देवाला चालत न्हाई, पण नातीला चालतं."

बेलाखाली शिवम्माने ते फूल गौराच्या वेणीत खोवलं. गौरा हसली. "मला ठाऊक व्हतं. तू हुंगताना म्या बगितलं व्हतं."

"मग सांगितलं कामून न्हाईस?"

"तू रोज आज्जाजवळ ऱ्हातीस. मला वरसातून पंधरा दिवस मिळतात. त्यात भांडण कशाला?"

शिवम्मा बघतच राहिली. लांब वेणी, छान उर्दू, आणि वर हा एवढा चांगुलपणा! तिला गौराचा पुन्हा एकदा हेवा वाटला. पण बेलाचं पान तोडताना तिने फांदी वाकवून आधी गौराच्या हातात दिली.