साक्षीचा छापा

छापचित्राची आवृत्ती पूर्ण झाली की ठसा मोडायचा, हा बाबांच्या धंद्यातला नियम. ठरलेल्या प्रती छापून त्यांवर सह्या झाल्या की लिनोलियमच्या ठशावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोरणीने फुली मारायची आणि त्या मोडक्या ठशाचा एक छापा काढायचा. तो साक्षीचा छापा. यापुढे एकही प्रत निघणार नाही, अशी त्यावरून घेणाऱ्याला खात्री पटते.

बाबा आयुष्यभर शर्यतीच्या मोटरसायकली कोरत आले. गाडी वळणावर पार झोपलेली, पण वर स्वार नाही. "माणूस काढला की लोक त्याचंच तोंड बघत बसतात," म्हणायचे. "मग गाडीकडे कोण बघणार?"

शेवटच्या आवृत्तीवर त्यांनी सह्या केल्या. ठसा मोडायचा राहिला आणि ते गेले. मी टाळत राहिले. त्या ठशातली प्रत्येक रेघ त्यांच्या मनगटाची होती, आणि तसं दुसरं काही आता कोरलं जाणार नव्हतं.

साक्षीच्या छाप्यासाठी गॅलरीवाल्या बाईंचे फोन वाढले, तेव्हा एका दुपारी चाककाकांना बोलावलं. बाबांच्या प्रेसचं चाक कायम तेच फिरवत, म्हणून हे नाव मी लहानपणी पाडलेलं. खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून होता. रोलर पुसून खिळ्याला टांगलेला होता, बाबांनी टांगला होता तसाच.

"अगं, जोर लाव. लोणी कापतेयस का?"

"हात धजत नाही, काका."

"त्याचाही कधी धजला नाही. आधी मला शिव्या घालायचा, मग फुली मारायचा."

मी फुली मारली. लिनोलियमची तपकिरी वेटोळी टेबलावर पडली. रोलरने काळी शाई लावली, कागद ठेवला, काकांनी चाक फिरवलं. कागद हळूहळू चरचरत सुटून आला.

फुलीच्या पांढऱ्या रेघा उमटल्याच नव्हत्या.

गाडी अखंड होती. आणि सीटवर कोणीतरी बसलं होतं.

काकांनी चष्मा पुसून परत लावला. मी ठशावर बोट फिरवलं. फुलीच्या खाचा खोल होत्या. सीटच्या वरचा भाग बाबांनी पूर्ण कोरून काढलेला, तिथे नुसता खळगा. खळग्याला शाई लागत नाही. तिथे कागद कोराच राहायला हवा. पण तिथे पाठमोरा काळा माणूस होता. डावा खांदा जरा उतरता.

"शाई जास्त झाली असेल," काका म्हणाले.

"काका, खांदा बघा ना. बाबांचाच आहे."

"बघितला." हात न धुताच त्यांनी पिशवी उचलली. "बाईंना सांग, ठसा खराब झाला. पण पोरी, दुसरा छापा काढू नकोस. गेलेल्याला असं मागे खेचू नये."

ते गेले. उन्हाची तिरीप टेबलावरून जमिनीवर उतरली. मी पुन्हा शाई लावली. चाक जड होतं. दोन्ही हातांनी फिरवलं.

या छाप्यात त्याने मान किंचित मागे वळवली होती.

गाल दिसत होता, कानाची पाळी दिसत होती. तोंड नाही. मला तोंड हवं होतं. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत मास्कखाली ते नीट दिसलंच नव्हतं.

मी परत शाई लावली.

आता मान पुन्हा समोर होती. कागद खिडकीशी धरून मी कितीतरी वेळ नुसती पाठच बघत राहिले. त्याखाली काय बदललंय, ते मग लक्षात आलं.

तो पुढे, पेट्रोलच्या टाकीकडे सरकून बसला होता.

शर्यतीच्या गाडीला एकाच माणसापुरती सीट असते. ही सीट लांबली होती. मागे जागा झाली होती.

आणि गाडी आता वळणावर झुकलेली नव्हती. ती सरळ उभी होती. स्वाराने एक पाय जमिनीला टेकवला होता.