बदली भाडेकरू

बैलांच्या खाचरावर सगळ्यांचं सामान चढलं आणि पार्बताबाईंची पेटी तेवढी ओसरीवरच राहिली! त्यांनी गाडीवानाला खूण केली, तर दीर उत्तमराव नजर चुकवत म्हणाला, "वयनी, तुमी दसऱ्यापर्यंत इथंच राहा. भाडेचिठ्ठीची मुदत तोवर हाय. घरमालकाले मी तसं कबूल केलं."

"मले न विचारता?"

"विचारायचं काय त्याच्यात? घरचीच गोष्ट हाय."

खाचर निघालं. उत्तमरावाची बायको आशा वळून वळून पाहत राहिली. त्यानं मात्र पाहिलं नाही. मध्यप्रांत सरकारच्या कचेरीत त्याला बढती मिळून अमरावतीला बदली झाली होती. आईबाप गेलेल्या या पोराला पार्बताबाईंनी वाढवलं होतं. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, तेव्हा हिवरखेडला माहेरी न जाता, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन, अकोल्याच्या बाजारात उन्हातान्हात बसून त्यांनी त्याला मॅट्रिक केलं होतं... आणि आज त्यानंच त्यांना एखाद्या कुलपासारखं दाराला लावून ठेवलं होतं!

त्या रडल्या नाहीत. संतापानं अंतःकरण असं पेटलं होतं की अश्रूंना तिथं थाराच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या घरमालक भगवंतरावांपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"मुदतीआधी घर सोडायचं असन तर काय करा लागते?"

भगवंतराव चपापले. "दसऱ्यापर्यंतचं भाडं भरा, नाही तर माझ्या पसंतीचा बदली भाडेकरू आणा. उत्तमरावले मी हेच सांगितलं होतं. तो म्हणाला, वहिनीचीच इच्छा आहे राहायची, तिले जठारपेठेतलं घर सोडवत नाही."

"माही इच्छा?" पार्बताबाईंचा आवाज कापू लागला. "भाडं भरणं जिवावर आलं, भाडेकरू शोधणं जिवावर आलं, म्हणून मले ठेवलं त्यानं. मी काय घरासंगं लावून देल्लेली वस्तू हाय?"

भगवंतरावांनी मान खाली घातली.

तशाच त्या मोर्णेकाठी नत्थुजी माळ्याकडं गेल्या. बाजारात त्यांच्या शेजारी बसून फुलं विकणाऱ्या या माणसाच्या झोपडीत दर पावसाळ्यात नदीचं पाणी शिरे. तो हरखून घर घ्यायला तयार झाला. पण भगवंतरावांच्या कपाळावर आठी उमटली. "फुलवाला म्हणजे ओसरीभर कचरा."

"मीबी बाजारातच बसली. माही ओसरी कधी घाण पाह्यली?"

भगवंतराव कबूल झाले. मात्र चिठ्ठी उत्तमरावाच्या नावाची होती, ती रद्द करायला त्याचीच सही हवी होती. त्यांनी निरोप धाडला.

उत्तमराव आला तो घुश्श्यातच. "वयनी, लोकांत माही शोभा केली तुमी."

"तुही शोभा?" इतके दिवस कोंडलेला तो अपमान उसळून वर आला. "तुले ताप आला तवा पाठीशी बांधून मी बाजारात बसली. त्याचं मोल मांगत नाही. पण माह्या तोंडात तू खोटे शब्द घातले. माही इच्छा म्हणे... माही इच्छा काय हाय, हे तुले कधी मालूम होतं?"

उत्तमरावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं सही केली. बाहेर आल्यावर तो कसाबसा म्हणाला, "चला वयनी, अमरावतीले जाऊ."

"सांगून राहिला का विचारून राहिला?"

 त्याचे डोळे भरून आले. "विचारून राहिलो... याल का?"

"नाही. मी हिवरखेडले जातो, भावाच्या मळ्यात."

हिवरखेडच्या वाटेवरल्या अकोटच्या मोटारीत त्या चढल्या, तर पाठोपाठ तोही चढला आणि अवघडून उभा राहिला.

"बस," त्या बाहेर पाहत म्हणाल्या. "पण बोलू नको."

 दुतर्फा कपाशीची काळी रानं मागं पडत होती, पार्बताबाईंच्या मनातला राग काही केल्या निवत नव्हता... आणि अकोट जवळ आल्यावर त्यांच्याच तोंडून शब्द निघाला.

"आशाले तिकडं एकटीले ठेवून आला काय?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"तिचीही इच्छा विचारली नसशीन. मले पोचवलं की मागच्या पायी घरी जाय." मग हलकेच त्या म्हणाल्या, "तिले सांग, पोळा झाला की येतो म्हणा मी. राहाले नाही. भेटाले."