कानभिंत

चौतीस.

दारावरच्या पट्टीत आतलं तापमान उमटलं, तेव्हा अण्णा खराडे पाचव्यांदा दार ओढत होते. आत असील जातीची साठ कोंबडे-कोंबड्या. अकरा वर्षं निवडून निवडून घडवलेला वाण. त्यातला सरदार नावाचा कोंबडा दुपारी प्रदर्शनात उभा राहायचा होता.

आतून कलकलाट. कट-कट-कटाक्!

"रुबिना, तुझं घर बिघडलं!"

"बिघडलं नाही, अण्णा. ऐकतंय."

हे बंदिस्त खुराडं रुबिना शिकलगारनंच आखलेलं. अंड्यावरच्या कोंबड्यांना मऊ भुसा, प्रदर्शनाच्या कोंबड्यांना शेपूट घासणार नाही एवढी मोकळी दांडी. आणि चारी बाजूंना कानभिंत, पाखरांच्या हाका ओळखणारी. घारीची हाक आली की छत झाकायचं. मुंगसाची, कट-कट-कटाक्, आली की दार, झरोके, सगळं बंद.

छत्तीस.

"इथं कुठाय मुंगूस?"

"तुम्ही लांब जा."

"काय?"

"कानाची पाळी पांढरी निघाली, पाय वाकडा निघाला, की पाखरू कोण उचलून नेतं? कुठल्या दारानं?"

अण्णांनी पुन्हा दार ओढलं.

"निवडीत बाद झालेली पाखरं न्यायला मी मागं वेगळं दार काढलं होतं. तुम्ही तिथं पिंजरे रचलेत. दाणा याच दारानं, सुरीकडं जाणंही याच दारानं. बाहेरून उघडायची कळही चोरांच्या भीतीनं तुम्हीच काढायला लावलीत."

"पुण्याला शिकून आलीस आणि कोंबड्यांचं ऐकतेस!"

अडतीस.

त्यांनी पहार हाणली. कलकलाट दुप्पट.

एकोणचाळीस.

"झरोके बंद आहेत, अण्णा! उकडून मरतील ती!"

पहार हवेतच थांबली. "माझी पाखरं मला भितात होय?"

रुबिनानं फाटकाकडं बोट केलं. भिंत मिटलेलीच होती.

चाळीस.

पहार खाली पडली. अण्णा चालू लागले. हौद. गोठा. फाटक. पावलं ऐकू येईनाशी झाली.

कलकलाट विरला. झरोके उघडले. दार सरकलं.

अडतीस.

पाखरं चोची वासून धापा टाकत होती, पण सगळी जिवंत होती. रुबिनाचा फोन वाजला.

"जगली?" अण्णा होते. तिनं 'सगळी' म्हणताच, "सरदारला घेऊन ये. गाडीत बसलोय."

मागचं दार पिंजऱ्यांनी अडलेलं. तिनं सरदारला काखेत धरलं आणि पुढच्याच दारानं बाहेर पाऊल टाकलं.

मागं एक कोंबडी हळूच म्हणाली, कट.

मग दुसरी.

दार मिटलं.

रुबिना झपाझप चालू लागली. लांब, आणखी लांब. संध्याकाळचा दाणा आता कुणी घालायचा?