प्रभादेवीचा वळसा

"यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. पण शब्द न् शब्द खरा आहे."

गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली.

"मागच्या वेळी तुमच्या हडळीला दमा होता, अण्णा," शेजारची दर्शना म्हणाली.

"हसा! ज्याच्यावर गुदरलं तो हेरंब तो काय, कठड्याला टेकून बसलाय. मी थापा मारल्या तर तोच सांगेल."

हेरंब खाली रस्त्याकडे बघत होता.

तर... गेल्या माघातली गोष्ट. दादर. दिवेलागणीची वेळ.

ऑफिस सुटलं की हेरंब फोनवर शेअर गाडी बोलवायचा. अनोळखी माणसं, एक गाडी, भाडं वाटून. अशाच एका गाडीत कधीकाळी प्रभादेवीला मृणालिनी चढली होती. तीही गिरगावचीच. गाडी लागायची तिला, म्हणून खिडकीची काच अर्धी खाली आणि गालात आवळा सुपारी. वर्षभरात लग्न झालं.

दुसऱ्या पावसाळ्यात ती तापानं गेली.

हेरंबनं शेअर गाडी मात्र सोडली नाही.

आणि त्या संध्याकाळी फोननं गाडी प्रभादेवीला वळवली. सहप्रवाशाचं नाव... मृणालिनी.

मागचं दार उघडलं.

कोणीच नव्हतं.

दार लागलं. काच... हळूहळू... अर्धी खाली गेली.

आणि गाडीभर आवळा सुपारीचा वास.

हेरंब ओरडला नाही. नीट सरकून बसला. तिला जागा करून दिली.

मग रोज तेच. तो तिला काही विचारायचा नाही. विचारलं आणि यायचीच थांबली तर?

ड्रायव्हर गंगाधर आरशात बघायचं टाळायचा. एकदा म्हणाला, "साहेब, नाव येतं, माणूस येत नाही. रिकाम्या सीटसाठी एवढा वळसा... कंपनीला किती दिवस परवडणार?"

नाहीच परवडलं. फोनवर निरोप आला. उद्यापासून शेअर गाड्या बंद.

शेवटची संध्याकाळ. हेरंबनं आवळा सुपारीची पुडी घेतली. आज बोलायचंच, म्हणाला.

गाडी प्रभादेवीला थांबली.

अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"दार उघडलं... काच खाली गेली... हेरंबनं विचारलं, 'उद्यापासून कशी गं येशील?' आणि अगदी कानाशी... तिचाच आवाज. 'येईन की रे. चालत येईन.'"

दर्शनानं हळूच डोळे पुसले.

"खोटं, अण्णा."

कठड्याकडून आवाज आला. हेरंबच्या मुठीत पुडी होती. न फोडलेली.

"बाकी सगळं खरं. पण त्या दिवशी दार मीच उघडलं. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या, तरी थांबलो. नाव आलं होतं, अण्णा... ती आली नाही."