पान एक्केचाळीसचं शुद्धिपत्र

ऑगस्टातल्या एका गुरुवारी ओला रेनकोट तसाच अंगावर ठेवून तो आमच्या बुधवार पेठेतल्या प्रकाशनात शिरला आणि त्यानं दहावीच्या बीजगणिताचं गाइड माझ्यापुढे उघडं ठेवलं. मी, भाग्यश्री, तिथली मुद्रितशोधक. वय एकतीस. सकाळपासून प्रुफं वाचून डोळे चुरचुरत होते, आणि रविवारी मला बघायला सतरावा मुलगा येणार होता. स्वतःला दाखवून घेण्याचाही कंटाळा येतो हो माणसाला.

"चुका दाखवायची वेळ चार ते पाच," मी वर न बघता म्हटलं.

"पोरं सकाळपासून चुकून राहिलीत, मॅडम."

मग मात्र बघितलं. बोलणं यवतमाळकडचं, आणि डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. प्रज्ञेश त्याचं नाव. कसब्यातल्या एका क्लासमध्ये दिवसाला सहा बॅच घ्यायचा.

५, ८, ११, १४... या अंकगणिती श्रेढीचं n वं पद आम्ही छापलं होतं 3n + 5. n च्या जागी एक ठेवला, तर पहिलंच पद आठ! तीनचा फरक n वेळा मिळवला होता. मिळवायचा असतो त्याहून एकदा कमी. खरं उत्तर 3n + 2. प्रूफ मीच वाचलं होतं.

"पहिल्या पदापाशी जायला पाऊल टाकावं लागत नाही," तो हळूच म्हणाला. ओरडायला त्याच्यात दमच नव्हता. "आपण तिथं उभेच असतो."

मला हे इतकं आवडलं, की मी त्याच्यासाठी चहा मागवला.

मालकांनी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि शिल्लक प्रतींत त्या चिकटवायचं काम माझ्याच गळ्यात मारलं. पुढच्या गुरुवारी तो सहज म्हणून डोकावला... आणि डिंकाची बाटली ओढून बसला. गुरुवारची दुपार ही त्याची एकुलती एक सुट्टी. झोपायचं सोडून तो दर आठवड्याला येऊ लागला. आम्ही फारसं बोलायचो नाही. एकदा माझा टेबलावरच डोळा लागला. जागी झाले, तर माझ्या वाटणीच्या प्रतीही त्यानं चिकटवून ठेवल्या होत्या.

पाचव्या गुरुवारी गठ्ठा संपला. शेवटची चिठ्ठी अंगठ्यानं दाबून धरत त्यानं सांगितलं, की वर्ध्याच्या शाळेत नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय. मी अभिनंदन केलं. इकडे सतराव्याचा होकार आला होता, आणि आईला माझं उत्तर आजच हवं होतं.

"एक विचारायचं होतं," तो म्हणाला. "पण म्हटलं, दर गुरुवारी थोडं थोडं वाढू द्यावं. दहाव्या-बाराव्या गुरुवारपर्यंत विचारण्याइतकं झालं असतं..."

"म्हणजे पहिल्या गुरुवारी काहीच नव्हतं?"

मी इतकी दमले होते, की लाजायलाही त्राण उरलं नव्हतं.

"माझ्याकडून होतं," मी म्हटलं. "पहिलं पद शून्य नव्हतं, सर."

त्यानं डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. मग वर्ध्यात बसून प्रुफं वाचता येतात का, असं त्यानं विचारलं – अगदी चाचरत. कुठंही येतात, मी म्हटलं.

आईला फोन लावला आणि सतराव्याला नकार कळवायला सांगितलं. तिनं कारण विचारलं.

मी फोन प्रज्ञेशच्या हातात दिला.