खुंटीवरचं फडकं

तेल जातंय कुठे, एवढाच तर प्रश्न होता. आता इंजिनातलं तेल काही कापरासारखं उडून जात नाही, खरं ना? पण दादाच्या जुन्या टर्बो डिझेल गाडीचं जात होतं. इंजिन थोडा वेळ चालवलं, की जमिनीवर एक थेंब नाही, आणि डिपस्टिक काढून बघावी तर पातळी खाली! दादा वारल्यापासून गाडी गॅरेजातच उभी होती. उद्या सकाळी मात्र वहिनीला ती हवी होती. लेकीला, चिमीला, घाट उतरून कॉलेजच्या होस्टेलवर सोडायचं होतं.

धाकट्या भावानं इंजिनाच्या झाकणाचं गॅस्केट दोनदा बदललं. फरक शून्य.

"भाऊजी, आम्ही बसनं जातो की," वहिनी दारातूनच म्हणाली.

"काय बोलता वहिनी! घरचं गॅरेज असून पोर बसनं जाणार? दादा मला कच्चा खाईल." बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली. वहिनी वळली आणि घरी गेली.

शेवटी त्यानं दादाचीच युक्ती काढली. इंजिन धुऊन कोरडं करायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची आणि गाडी चालू ठेवायची. तेल जिथून झिरपेल तिथली पावडर ओली होते. दादाचा आणखी एक हट्ट असायचा. हातातलं फडकं शटरशेजारच्या खुंटीवर आल्याशिवाय बॉनेट बंद करायचं नाही. "तेलकट फडकं आणि तापलेला टर्बो म्हणजे आयती शेकोटी," म्हणायचा.

संध्याकाळ होत आली होती. इंजिन घरघरत होतं. मधेच लवंगेचा वास आला. दादाच्या तोंडात कायम लवंग असायची. भास असेल, असं म्हणत धाकट्यानं टॉर्च मारला. सगळीकडे पांढरं, कोरडं. फक्त मागे, टर्बोवरच्या पत्र्यावर ठसे होते. तीन बोटं आणि अंगठा. करंगळी नव्हती.

दादाची उजवी करंगळी पूर्वी इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेली होती.

"कोण... कोण आहे?" त्यानं विचारलं. गॅरेजात तर तो एकटाच होता. आणि तो पत्रा इतका तापला होता, की हात लावणाऱ्याची कातडीच निघाली असती.

इंजिन निवल्यावर त्यानं पत्रा सोडवला आणि थेंब टिपायला खाली फडकं खोचलं. टर्बोला तेल पुरवणारी नळी जोडाजवळ केसाएवढी चिरली होती. तेल फवारायचं आणि तापलेल्या लोखंडावर जागीच जळून जायचं. "सापडलं रे दादा..." म्हणत तो ढसाढसा रडला. नवी नळी बसवली, पत्रा लावला. तेवढ्यात अगदी कानामागे कोणीतरी लवंग चावली. कुडुक. धाकट्यानं बॉनेट आपटलं, शटर ओढलं आणि जी धूम ठोकली ती घर येईपर्यंत.

सकाळी शटर काही केल्या वर जाईना.

"काका, सगळं तेल गाडीलाच पाजलंस का? थोडं शटरलाही घालायचंस!" चिमी हसली. वहिनीनंही हात लावला, तेव्हा ते एकदम सुटलं. गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. चिमीनं खिडकीतून हात हलवला आणि धाकट्याचा ऊर भरून आला.

मग सांडलेली पावडर झाडायला तो आत आला. वाऱ्यानं उडू नये म्हणून शटर खाली ओढलं. आतल्या बाजूला, खालच्या पट्टीवर, दोन पांढरे पंजे उमटले होते. जीव खाऊन दाबून धरल्यासारखे. उजव्याला करंगळी नव्हती.

शेजारची खुंटी रिकामी होती.

फडकं! ते तर टर्बोखालीच खोचलेलं राहिलं होतं. त्यानं फोन लावला.

"वहिनी, गाडी थांबवा! दोघी आधी खाली उतरा!"

"उतरलोच आहोत, भाऊजी. घाटाच्या तोंडाशी आपोआप बंद पडली. बॉनेटमधून धूर येतोय... आणि ऐका ना... किल्लीच सापडत नाहीये. चालत्या गाडीतली किल्ली जाईल कुठे?"

लवंगेचा वास आला. मान वळवायचा धाकट्याला धीर होईना. वळवली, तेव्हा खुंटीवर गाडीची किल्ली होती. अजून झुलत होती.